रेडिओवर वाजलेली माझी धून

मंडळी, आज दुपारपासून मी जळतो आहे.

इक्बालनं आमच्या कॉलेजातल्या रॉक बँडची जुनी रेडिओ मुलाखत पाठवली. आधीच रेकॉर्ड झालेली ती मुलाखत रेडिओवर लागली तेव्हा त्यानं गुलमंडीतल्या घरी समोर टेपरेकॉर्डर ठेवून उतरवून घेतली होती. मी तोवर बँड सोडून चितेगावच्या कारखान्यात लागलो होतो.

मुलाखतीत बँडची कॅसेट काढणारे निर्माते म्हणतात, "सुरुवातीची गिटारची धून ऐकली आणि मी लगेच होकार दिला."

ती धून माझी.

"सगळ्यांनी मिळून बसवली, सर," रेडिओवरचा इक्बाल म्हणतो.

तेवढ्यात टेपवर घरच्या खोलीतून त्याच्या अम्मीचा आवाज येतो, "अरे, ये तो अपने सुनील की धुन है ना?"

"अम्मी, चुप! टेप चालू है," घरातला इक्बाल ओरडतो.

मी त्याला फोन केला. "अम्मीचं वाक्य कापायचं राहिलं का रे?"

"नाय, मुद्दाम ठेवलं. अम्मीचा तेवढाच आवाज उरलाय माझ्याकडं."

त्या उरलेल्या आवाजात माझं नाव आहे. तरी मला निर्मात्याची ती शाबासकीच हवी आहे.

तुमचं एवढ्यावर भागलं असतं का?