भूकंपासाठी ठेवलेली जागा

परवा शेजारच्या प्लॉटवर ओल्या सिमेंटचा वास आला आणि मला सास्तूरकडच्या आमच्या घराची वास्तुशांत आठवली. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आई कित्येक वर्षं पत्र्याखालीच झोपली होती; स्लॅबच्या घराला तिनं मोठ्या मिनतवारीनं होकार दिला, आणि गुत्तेदारानं ते असं बांधलं की बंद दाराखालून मांजर ये-जा करायचं. फट दाखवली की तो म्हणायचा, "मावशी, भूकंपात दार अडकाय नको म्हणून जागा ठिवलीय." खिडकी लागत नव्हती, तीही भूकंपासाठीच. बैठकीतल्या बीमला बोट जाईल एवढी भेग पडली, तेव्हा तो कौतुकानं वर बघत म्हणाला, "घराला हलायला जागा नको का?" वास्तुशांतीला आईनं त्याला टॉवेल-टोपीचा आहेर केला आणि जेवायला पाट मांडला तो बरोबर त्या भेगेखाली. त्यानं एकदा वर पाहिलं आणि पाट उचलून दाराशी नेला. "हितं वारं चांगलंय," म्हणाला. आईनं वाढलेलं ताट भेगेखालीच ठेवलं. "हितंच बसा की. हलायला जागा तुम्हीच ठिवलीय." सगळी पंगत हात थांबवून त्याच्याकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची माणसं बीमला टेकू लावायला दारात हजर. आता मी घर बांधायला काढलंय. काम देण्याआधी कुठल्याच गुत्तेदाराला फारसं विचारत नाही. त्यानंच बांधलेल्या एखाद्या घरी त्याला चहाला नेते, आणि तो खुर्ची कुठं ओढतो तेवढं बघते.