कराव्यातली सिम्फनी

सुकत घातलेल्या जवळ्याचा खारट, उग्र वास आणि व्हायोलिनच्या गजाला घासलेल्या राळेचा मंद गंध एकत्र आले, की माझ्या मनात करावे गावच्या समाजमंदिरातली दुपार उभी राहते. वरच्या मजल्याच्या मोठ्या खिडक्यांतून एका बाजूने खाडीचा वारा येई, दुसऱ्या बाजूने सीवूड्सच्या उत्तुंग इमारतींच्या काचांवरून उसळलेले शुभ्र ऊन. आणि त्या दोहोंच्या मध्ये आम्ही पंचवीस-तीस माणसे अर्धवर्तुळात बसून एकच ओळ विसाव्यांदा वाजवत असू. ऐकणाऱ्याला जे आकाशासारखे सलग भासते, ते घडवताना किती खडी फोडावी लागते, हे कधी जवळून पाहिले आहे तुम्ही?

आमचा वाद्यवृंद हौशी. कोणी बँकेत, कोणी कंपनीत. मी महाविद्यालयात भूगोल शिकवून निवृत्त झालेला, दुसऱ्या फळीतला व्हायोलिनवादक. संचालिका मृणालताई मूळच्या रत्नागिरीकडच्या, पेशाने संगीतशिक्षिका. कार्यक्रमांच्या गेल्या हंगामाच्या तोंडावर आमचे तालमीचे सभागृह हातचे गेले. तिथे शिकवणीवर्ग सुरू झाले. मागोमाग एकेक जण गळू लागला. ट्रम्पेटवाला बदली होऊन बंगळुरूला गेला. उरलेल्यांनी नेरुळच्या एका बागेत बाकांवर बैठक घेतली, तेव्हा बहुतेकांच्या मुद्रेवर ‘यंदा राहू दे’ हेच उमटलेले होते. मृणालताई उठून उभ्या राहिल्या.

“दिघा, जासई, करावे आणि शेवटी वाशी. चार कार्यक्रम कबूल केलेत ना आपण? मग चारही होणार. कुठे वाजवायचं ते शोधू. वाजवायचं की नाही, हे मात्र मला विचारू नका.”

शोधता शोधता कराव्याच्या वनिताताई भेटल्या. महिला मंडळाच्या त्या अध्यक्षा, आणि समाजमंदिराच्या चाव्या त्यांच्या कमरेला. आमच्या पेट्यांकडे त्यांनी निरखून पाहिले आणि म्हणाल्या, “रविवारची दुपार मोकली हाय. या. पन खाली आमच्या बाया जवला निवडतान, त्यांना तरास नको.”

त्रास अर्थातच झाला! महिनाभरात खालून विचारणा आली, “येकच गानं किती येला वाजवाचा?” आम्ही तीच ओळ पुन्हा सुरू केली. विचारणाऱ्यांतले एकजण एका रविवारी जिना चढून वर आले. ते म्हात्रेमामा, वनिताताईंचे थोरले दीर.

“तुमच्यान त ट्रम्पेटच नाय,” ते म्हणाले.

“माणूस नाही, मामा,” मृणालताईंनी सांगितले.

“मानूस मी हाय. पन दात नाय.”

आम्ही हसलो. मामा हसले नाहीत. तारुण्यापासून गावच्या ब्रास बँडमध्ये त्यांनी ट्रम्पेट वाजवला होता. लग्नाच्या वराती डीजेने गिळल्या, बँड मोडला, आणि पुढे समोरचे दोन दातही गेले. ट्रम्पेटची फुंक ओठांत असते आणि ओठांचा आधार दातांत. तो आधार गेला की वादकाचा सूरच निराधार होतो. आमच्या सिम्फनीच्या संथ भागात तर ट्रम्पेट एकटाच गातो, बाकी सारा वृंद मूक. ती जागा तोवर मी व्हायोलिनवर वाजवून कशीबशी झाकत होतो.

आमच्यात चेलो वाजवणारी स्नेहा पेशाने दंतवैद्य. तिने मामांना दात बसवून दिले, पण बजावलेही, “ओठांना सगळं नव्यानं शिकावं लागेल हां, मामा. घाई नका करू.” मामा रोज खाडीच्या बांधावर जाऊन फुंकू लागले. ओठ सुजत, रक्त येई. स्वरलिपी त्यांना वाचता येत नव्हती; मी ओळ वाजवावी, त्यांनी डोळे मिटून ती कानाने उचलावी, असे आमचे अध्यापन चाले. मी आयुष्यभर वर्ग घेतले, पण इतका चिकाटीचा विद्यार्थी मला लाभला नव्हता.

दरम्यान हंगाम सुरू झाला. दिघ्याला पाळी संपवून परस्पर आलेले कामगार कंपनीच्या गणवेशातच अखेरपर्यंत उभे राहिले. जासईला कंटेनरवाल्या ट्रेलरांच्या भोंग्यांनी आमचा पहिला भाग गिळला. दुसऱ्या भागाच्या वेळी गावातली चार माणसे आपण होऊन रस्त्यावर गेली आणि हात जोडून प्रत्येक चालकाला थोपवू लागली. ज्यांनी सिम्फनी हा शब्दही त्या दिवशी प्रथम ऐकला, त्यांनी तिच्यासाठी ऐकणे सोडून पहारा करावा! कलेला आश्रय आश्रय म्हणतात तो याहून निराळा असतो का?

कराव्याला मामा प्रथमच आमच्यात बसले. सारा गाव समोर. त्यांची जागा आली, त्यांनी फुंक मारली, आणि नुसती हवा निघाली. पुन्हा फुंकले; पुन्हा हवाच. त्यांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली. मी घाईघाईने ती ओळ व्हायोलिनवर पुरी केली. आता मामा पुन्हा जिना चढणार नाहीत, असे मी मनोमन ठरवून टाकले.

पुढच्या रविवारी मी पोहोचलो तेव्हा मामा माझ्याही आधी येऊन बसले होते.

“गावानं बगला,” ते म्हणाले. “आता लपवाचा काय? वाजवा तुमी.”

वाशीच्या नाट्यगृहात सज्जाची पहिली रांग कराव्याच्या बायकांनी भरली होती. संथ भाग आला. मामांचा पहिला स्वर मधोमध तडकला, साऱ्यांनी ऐकला. मृणालताईंचा उजवा हात थांबला नाही. डावा मात्र त्यांनी मामांकडे उघडा धरला, कुणी काही देणार असेल आणि आपल्याला मुळीच घाई नसेल, तसा. मामांनी श्वास घेतला. दुसरा स्वर धरला. तिसरा त्याच्या आधाराने चढला, आणि मग ती ओळ, किंचित थरथरणारी, वरातीच्या उन्हात तापलेली, अखेरपर्यंत अखंड गेली. माझ्या मांडीवर व्हायोलिन होते आणि ते उचलावे लागले नाही, याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

चारही कार्यक्रम झाले. पुढच्या रविवारी तालीम ठरलेली नव्हती, तरी आम्ही सगळे गेलो. वनिताताईंनी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. आमच्यापेक्षा दहा-बारा अधिकच.

“एवढ्या कशाला?” मी विचारले.

“लागतील,” त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या.

एवढ्या निःशंकपणे भविष्यकाळ वापरणारी माणसे भेटली, की आपल्यालाही शंका घेण्याची लाज वाटते. मी माझ्या जागी बसलो. शेजारची खुर्ची रिकामी होती. समोरचा स्वरलिपीचा स्टँड मी थोडा तिच्याकडे सरकवला, येणाऱ्याला नीट दिसेल असा, आणि गज उचलला.