मार्थाकाकूंनी वाटलेलं पत्रक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेत नाही — आणि जिथे सांगायला हवं होतं तिथे तर नाहीच. तुला सांगते आहे, कारण तू समोर नाहीस. समोर असतास तर मी काहीतरी विनोद करून विषय बदलला असता. मला ते चांगलं जमतं.

मला पत्रकं लिहिता येतात. फुशारकी नाही, तेवढं एकच येतं. एका पानात राग कसा बसवायचा ते मला कळतं — वर एक प्रश्न, मधे मागण्या, खाली धिक्कार. बंगालीत, हिंदीत, इंग्रजीत. न्यू टाउनच्या काचेच्या इमारतींमध्ये जिने पुसणाऱ्या, संडास धुणाऱ्या बायकांसाठी आमची संघटना आहे, आणि तिची बहुतेक पत्रकं माझी असतात. 'देव आणि ठेकेदार' नावाचं एक पत्रक खूप गाजलं होतं. दोघंही वर बसतात आणि दोघंही उद्याचा वायदा करतात, असं काहीतरी लिहिलं होतं त्यात. लोक अजून ऐकवतात मला.

आणि बघ — सवयीनं मी इथेही सुरुवात दुसऱ्यापासून करणार होते. पहिला परिच्छेद कंपनीवर लिहिला. खोडला. मग आमच्या सेक्रेटरींवर लिहिला. तोही खोडला. ते सगळं खरं आहे, पण ते माझं नाही. माझं काय आहे?

आम्ही बराकपूरला राहतो. बाबा बँकेत होते, बदली होऊन इथे बंगालमध्ये आले आणि इथलेच झाले. माझा जन्म इथला. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून आमच्या घरात एक पलंग आहे आणि त्याच्याभोवती आम्ही दोघी. लिफ्ट नाही, त्यामुळे त्यांना खाली नेणं म्हणजे चार माणसं गोळा करणं. मी संघटनेचं काम फोनवर करायचे, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात फिनेलची बाटली. खिडकीतून कँटोनमेंटची भिंत दिसते. दिवसभर मी ती भिंत बघायचे.

बाबा एकदाचे सुटले तर बरं — असं माझ्या मनात यायचं. कधीतरी नाही. रोज. चादर बदलताना, त्यांचं वजन खांद्यावर घेऊन. नंतर नंतर 'बाबा'च्या जागी 'मी' यायला लागलं. बराकपूर स्टेशनच्या फलाटाच्या कडेला उभी राहून मी येणाऱ्या गाडीकडे जरा जास्तच वेळ बघायला लागले होते. हेही कुणाला माहीत नाही. पण माझा गुन्हा हा नाही.

खालच्या मजल्यावर मार्थाकाकू राहतात. मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती. त्यांचे यजमान फौजेत हवालदार होते. बराकपूरला असतानाच वारले आणि इथल्याच दफनभूमीत आहेत. "नगरला कोण आहे माझं? माझा माणूस तर इथं झोपलाय," असं म्हणून काकू इथेच राहिल्या. न्यू टाउनमध्ये हाउसकीपिंगला लागल्या — रोज गाडीनं उल्टाडांगा, तिथून बस. नंतर ठेकेदार बदलला आणि एका सकाळी त्यांच्यासकट सगळ्या जुन्या बायकांचे पास गेटवर चालेनात. त्या आमच्या संघटनेत आल्या त्या अशा, आणि त्याच गेटासमोर आमचं धरणं सुरू झालं.

काम गेल्यावर काकू दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे यायला लागल्या, बाबांपाशी बसायला. आई तेवढ्या वेळात बाजारात जाऊन यायची. काकू बाबांना त्यांची मराठी भजनं म्हणून दाखवायच्या. येशूची, पण चाल अशी की डोळे मिटले तर वाटावं आपल्याच घरातलं काहीतरी चाललंय. मी आईकडे तक्रार केली. मी — 'देव आणि ठेकेदार'वाली — माझ्या घरात हे?

आई म्हणाली, "गाऊ दे गं. मराठी तर आहे. आणि गुरुवार तसाही दत्ताचा. देवाचं नाव निघालं म्हणजे झालं."

मग एकदा बाबांनी हुंकार भरला. शब्द नाही, पण चाल. बरोबर त्या चालीत.

गाऊन झालं की काकू प्रार्थना करायच्या. मी दारात हाताची घडी घालून उभी. मला वाटलं, आता या चमत्कार मागणार — हात हलू दे, पाय हलू दे. त्या म्हणाल्या, "बापा, या घराला आज दुपारपुरती ताकद दे. उद्याचं उद्या मागू."

माझी हाताची घडी सुटली. आम्ही मागण्या लिहितो तेव्हा नेहमी दुप्पट लिहितो, म्हणजे निम्मं तरी पदरात पडतं. आणि ही बाई फक्त दुपार मागत होती! एवढं कमी मागायला केवढा भरवसा लागत असेल? त्या दुपारी मी बाबांची चादर बदलली आणि — कसं सांगू — माझ्या मनात ते रोजचं वाक्य आलं नाही. उलट त्यांचा धड असलेला डावा पाय माझ्या पोटात बसला आणि मी हसले. बाबाही हसले, वाकड्या तोंडानं. आम्ही दोघं किती तरी वेळ हसत होतो.

त्यानंतर मी दारात उभी राहिले नाही. आत बसायला लागले. मग डोळे मिटायला लागले. मग काकू नसतानाही, भांडी घासताना, गाडीत, स्वतःच्या शब्दांत. भिंत होती तिथेच होती, पलंगही. पण त्या खोलीत कुणीतरी आपल्यासोबत आहे हे मला नळाला पाणी आलेलं कळावं तसं कळायचं. ही आशा खोटी होती असं मी आज म्हणू शकत नाही. पत्रकात म्हणू शकते. तुला नाही.

आईला वाटायचं, मी काकूंना सोबत म्हणून बसते. संघटनेत तर मी ब्र काढला नाही. कसा काढणार?

काकूंवर मी एकदा चिडलेही होते. नोकरी गेली, यजमान गेले, आणि ही बाई धरण्याच्या जागी सगळ्यांची चेष्टामस्करी करत बसते! म्हटलं, "काकू, जरा चिडा ना!" तर म्हणाल्या, "चिडते की गं पोरी. चिडून झालं की हसते. दिवसभर चिडून बसले तर तुझं ते पत्रक कोण वाटणार?"

आमचं धरणं त्या इमारतीच्या गेटासमोर, फुटपाथवर होतं. गुरुवार सोडून रोज दुपारी डबे उघडायच्या आधी काकू डोळे मिटून दोन वाक्यं म्हणायच्या. बाजूच्या बायकाही हळूहळू डोळे मिटायला लागल्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती. दिवसभर उन्हात बसल्यावर मिनिटभर गप्प बसायला कुणाला नको असतं? मी मात्र तेव्हा बरोबर उठायचे आणि चहाच्या टपरीवर जायचे. रोज. घरी ज्यांच्या शेजारी डोळे मिटायचे त्यांच्याकडे पाठ करून, मातीच्या भांड्यातला चहा पीत उभी राहायचे.

मग ठेकेदाराच्या माणसांनी उठवलं — हे आंदोलन नाहीच, इथे धर्मांतर चाललंय, बाहेरचा पैसा आहे. संघटनेत धावपळ झाली. दुपारी समितीची बैठक. आमचे सेक्रेटरी सुब्रतदा माझ्याकडे वळून म्हणाले, "अनघा, ती तुमची मराठी बाई. तुमच्याच बिल्डिंगमधली ना? काय प्रकार आहे?"

एक साधं वाक्य पुरलं असतं — त्या प्रार्थना करतात आणि मीही करते, पुढे बोला. एवढंच.

मी म्हटलं, "शेजारी आहेत. बाबांना बघायला येतात. त्या प्रार्थनेत मी कधी बसलेली नाही."

खोटं इथेच संपलं असतं तरी बरं झालं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि लोक बघायला लागले की माझी जीभ सैल सुटते. मी म्हटलं, "त्यांना नोकरी गेल्याचं फारसं दुःखच नाही हो. कायम खूश असतात. आपली लढाई जिंकली काय नि हरली काय, त्यांचा मालक वर बसलाय."

सगळे हसले. सुब्रतदाही हसले.

तुला कळतंय का मी काय केलं? ज्या आनंदाच्या आधारावर मी उठत होते, जेवत होते, बाबांना भरवत होते — तोच मी काकूंच्या विरुद्धचा पुरावा म्हणून मांडला. आणि वर टाळी घेतली.

ठरलं, की कंपनीशी बोलणाऱ्या शिष्टमंडळात काकू होत्या, त्यातून त्यांना काढायचं आणि तसं पत्रक काढायचं. सुब्रतदा काकूंना गोड शब्दांत म्हणाले की उन्हाचं तुम्ही धावपळ करू नका, कंपनीशी बोलायला तरुण मुली जातील. काकूंना ते पटलं. पत्रक मी लिहिलं. 'आंदोलनाच्या आडून धर्मप्रचार करणाऱ्या व्यक्तीशी संघटनेचा संबंध नाही. संबंधित महिलेला शिष्टमंडळातून दूर करण्यात आले आहे.' नाव घातलं नाही. नाव घालायची गरज काय होती? धरण्यावर ख्रिस्ती बाई एकच होती.

आता मूळ गोष्ट. इतका वेळ मी तिच्याभोवती फिरते आहे.

काकू बंगाली फाडफाड बोलतात, पण त्यांना ती लिपी वाचता येत नाही. इंग्रजी पाटीपुरतं. देवनागरी मात्र त्या चष्मा लावून अक्षरन् अक्षर वाचतात. आमचं प्रत्येक पत्रक तीन भाषांत निघतं. या वेळी मी हिंदी काढलं नाही. सुब्रतदांना सांगितलं, कागद कमी आहे, घाई आहे, हिंदी नंतर बघू. कागद होता. माझ्याच टेबलाखाली होता.

म्हणजे मी घाबरून चुकले असं नाही. मी विचार केला होता. हे लक्षात ठेव.

दुसऱ्या दिवशी गेटावर मी गठ्ठा घेऊन पोहोचले. काकू उठून समोर आल्या, हात पुढे केला. "आण इकडं. शिष्टमंडळात नाही तर नाही, वाटायला तर येतं मला." मी दिला. माझ्या हातानं त्यांच्या हातात दिला. आणि त्या ऑफिस सुटलेल्या पोरापोरींच्या गर्दीत शिरल्या — "घ्या दादा, घ्या दीदी, वाचून बघा, फेकू नका हं" — हसत हसत, स्वतःच्या हकालपट्टीचे कागद वाटत. लोक घेत होते. काही जण वाचून त्यांच्या गळ्यातल्या क्रूसाकडे बघत होते, मग त्यांच्या तोंडाकडे. काकूंना वाटलं, कागद आवडतोय. लांबूनच मला म्हणाल्या, "आज लोक थांबून वाचतायत गं! चांगलं लिहिलंस वाटतं."

मी मान डोलावली.

शेवटी त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका मुलीनं कागद वाचला आणि काकूंच्या हातातला गठ्ठा काढून घेतला. काकू तिला म्हणाल्या, "घे बाई, माझे हात दुखलेच होते." पुढचं मी पाहिलं नाही. मी बस पकडली.

त्या मुलीनं त्यांना वाचून दाखवलं असणार. कारण गुरुवारी काकू आल्या त्या नेहमीच्या नव्हत्या. आल्या मात्र वेळेवर. आई बाजारात गेली. काकू बाबांपाशी बसल्या, गायल्या. आवाज एक-दोनदा तुटला, तर बाबांनी हुंकारून चाल पुढे नेली. गाणं झाल्यावर मला विचारलं, "अनू, ते कुणी लिहिलं गं?"

मी म्हटलं, "समितीनं."

"समितीला हात असतात का बाळा?" त्या थोड्याशा हसल्या. मी बाबांची चादर सारखी केली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझा हात हातात घेतला, दुसऱ्या हातात बाबांचा, आणि डोळे मिटले. "बापा, ज्या कुणी ते लिहिलं त्याला सांभाळ. त्याच्या घरात कुणी आजारी असेल तर त्याला बरं वाटू दे. त्याला एकटं सोडू नकोस."

त्यांना माहीत होतं का? मी किती वेळा हा प्रश्न उलटापालटा केला आहे. माहीत असेल तर त्या मला वाट करून देत होत्या. माहीत नसेल तर — तर मी काय आहे, हे मला ठाऊक आहे. दोन्हीकडून तोंड उघडणं माझंच काम होतं. मी तोंड उघडलंही. मी "आमेन" म्हटलं. स्पष्ट, मोठ्यानं.

धरणं उठलं. काही बायकांना परत घेतलं, काकूंना नाही. शिष्टमंडळानं दिलेल्या नावांत त्यांचं नाव नव्हतं. संघटनेत मला बढती मिळाली. आता सगळी पत्रकं आधी माझ्याकडे येतात. काकू बराकपूरमध्येच दोन घरी स्वयंपाक करतात आणि गुरुवारी येतात. मी त्यांच्याशेजारी बसते, कारण उठून गेले तर कारण सांगावं लागेल. बसले तरी सांगावं लागेल. मधे कुठे जागाच नाही. आणि डोळे मिटले की तो आनंद अजूनही येतो. मला वाटलं होतं, तो तरी मला सोडून जाईल, निदान एवढी शिक्षा होईल. नाही. तो येतो, आणि मी तो घेते, त्यांच्या हातात हात ठेवून.

त्या पत्रकाखाली समितीचं नाव आहे. लिहिलं मी.