मामांच्या रंध्याचं लाकूड
सुतारमामा पाहुणे म्हणून कुठेही गेले तरी आजोबांचा शिसवी रंधा पिशवीत असायचाच. कुणी फर्निचरची फुशारकी मारली की मामा खुर्ची उलटी करायचे, खालून पातळ साल काढायचे, हुंगायचे आणि यजमानाच्या तोंडावर निकाल द्यायचे. लेकीच्या सासऱ्यांचं 'अस्सल सागवानी' टेबल त्यांनी भर पंगतीत आंब्याच्या लाकडाचं ठरवलं.

आठवड्याभरात व्याही नवाकोरा रंधा घेऊन दारात हजर. न विचारता त्यांनी मामांच्या रंध्याचीच साल काढली आणि पुढे धरली. "हुंगा."

शिसवाचा मागमूस नव्हता, सरळसरळ बाभूळ होती. जन्मभर मामांनी जगाची लाकडं सोलली होती, हातातलं तेवढं राहिलं होतं.

"काय निघालं?" मामींनी आतून विचारलं.

"सर्दी झालीय मला," मामा म्हणाले.