कोंडीच्या पोटात पिल्लं नव्हती

“गाभण हाय जी वहिनी! तीन तरी असतील!” डॉक्टरसाहेबांनी आमच्या कोंडीच्या पोटावरून हात काढत सांगितलं आणि मी तिथंच, गुरांच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, टाळ्या वाजवल्या. शेजारी बांधलेला बैल दचकला. त्याचा मालकही दचकला.

मी अशीच आहे. आनंद झाला की मला तो गुपचूप करता येत नाही. आमचे हे म्हणतात, “उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, ही तर कपाळालाही बांधून बसते.” म्हणू देत. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी हे वाचावं, आणि जमलं तर वाचता वाचता उठून आपल्या मांजरीकडे एकदा नीट बघावं, म्हणून मी लिहिते आहे.

अर्जुनी मोरगावला आमची लहानशी राईस मिल आहे. धान आलं की उंदीर आले, आणि उंदीर आले की मांजर हवीच. कोंडी मिलमध्येच जन्मली. कोंड्याच्या ढिगावर झोपायची, रंगही तसाच, म्हणून कोंडी. सहा वर्षांची होती. दोनदा व्याली होती, पण त्यालाही बराच काळ लोटला होता. घुशींवर अशी तुटून पडायची की हमाल मागे सरून बघत राहायचे! रात्री मात्र माझ्या पायांवर, पांघरुणाच्या आत. ह्यांना ते मुळीच चालत नसे आणि ते रोज चालवून घेत.

दिवाळी झाली, मिलमध्ये नवं धान येऊ लागलं, तेव्हा कोंडीचं पोट दिसायला लागलं. म्हणून दवाखान्यात नेली होती.

डॉक्टरसाहेबांवर अविश्वास दाखवायचा प्रश्नच नव्हता. गाय-म्हैस गाभण ठरली की नाही, हे तालुक्यात त्यांच्याइतकं अचूक कोणी सांगत नसे. त्यांनी हात घालून ‘ठरली’ म्हटलं की माणसं म्हशीला त्याच दिवसापासून सरकीची ढेप वाढवत. त्यांच्या हातावर लोक व्यवहार करत. आमच्या म्हशींची पाच-सहा वेतं त्यांच्याच हातची. असा हात मांजरीच्या पोटावरून फिरला आणि म्हणाला ‘गाभण’, तर ती गाभणच!

मग काय विचारता! आमच्याकडे मांजर फुकट देत-घेत नाहीत. फुकटची मांजर घरात टिकत नाही म्हणतात. मूठभर तांदूळ द्यायचा आणि पिल्लू न्यायचं. मी अख्ख्या आळीत बातमी केली आणि चौघीजणी पिल्लं यायच्या आधीच मुठी घेऊन हजर! मी त्या एका पितळी डब्यात ठेवल्या. तीन पिल्लं आणि चार गिऱ्हाइकं, म्हणून चौथीला सांगितलं, “तुझं पुढच्या वेळी.” ती रुसली. मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेचे, दिवस होते, घर पाहुण्यांनी भरलेलं. रात्री सगळे नाटकाला, दिवसा सगळे कोंडीभोवती. माझ्या नणंदेने तर तिला हळद-कुंकू लावलं. ओटीत भरायला काय द्यायचं यावर वाद झाला आणि शेवटी सुकी मासळी ठरली.

कोंडीने ती मासळी हुंगली आणि तोंड फिरवलं. आम्ही हसलो. “डोहाळे!” नणंद म्हणाली.

आता नीट ऐका. कोंडी पाणी फार पीत होती. वाटीतलं संपलं की बादलीपाशी, तिथून मोरीपाशी. लघवीलाही सारखी जायची. मागची बाजू चाटत राहायची. पोट वाढत होतं आणि पाठीचा कणा मात्र हाताला लागायला लागला होता. मी पुन्हा दवाखान्यात नेली. डॉक्टरसाहेबांनी पुन्हा पोट दाबून पाहिलं. “भरलेलं पोट हाय, पाणी तं पेईनच. जागा पाहून राहिली ती व्यायले. घाबरू नोका.” मी घाबरले नाही. घरी येऊन खोक्यात जुनं लुगडं अंथरलं.

खोक्यात ती एकदाही गेली नाही. मिलच्या थंड सिमेंटवर पडून राहू लागली. घूस समोरून गेली तरी मान उचलेना. ते ह्यांनी पाहिलं. पांघरुणात मांजर नको म्हणणारा माणूस, दुपारी मिल बंद करून घरी आला आणि म्हणाला, “ही व्यायला झालेली नाही. हिला कायतरी होऊन राहिलं. चल गोंदियाले.”

टोपलीत कोंडी, वर ओलं फडकं, आणि आम्ही दोघं पॅसेंजरमध्ये. गोंदियात कुत्र्या-मांजरांची एक डॉक्टरीण नवीन आली होती, तिशीतली. तिने कोंडीच्या हिरड्या पाहिल्या, ताप पाहिला, पाण्याबद्दल विचारलं. पाण्याबद्दल तिने तीनदा विचारलं. मग म्हणाली, “पहले एक्स-रे करवा लीजिए दीदी. फिर बात करते हैं.”

एक्स-रे माणसांच्या सेंटरमध्ये. बाकावर प्लास्टर घातलेली माणसं, खोकणारी म्हातारी, आणि मध्ये मी टोपली घेऊन. खिडकीतल्या पोराने विचारलं, “पेशंट का नाम?”

“कोंडी.”

“उमर?”

“सहा.”

“बच्ची की माँ कौन है? अंदर पकड़ना पड़ेगा.”

“मीच!” मी म्हटलं आणि टोपली घेऊन आत गेले. त्याने फडकं उचललं, आणि त्याचा चेहरा! एवढ्या काळजीतही मला हसू फुटलं. पण पोरगा भला निघाला. त्यानेच कोंडीचे मागचे पाय धरले.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडात धरली. कोंडीच्या बरगड्या, कणा, सगळं दिसत होतं. पोटात मात्र एक मोठा पांढुरका ढग. “बच्चे होते तो अब तक उनकी हड्डियाँ दिखतीं,” त्या म्हणाल्या. “बच्चे नहीं हैं, दीदी. पस है.”

आजाराचं नाव पायोमेट्रा. म्हणजे गर्भाशयात पू भरणं. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मांजरीला, कुत्रीला हे होऊ शकतं. गर्भाशयाचं तोंड उघडं असलं तर पू बाहेर येतो आणि माणसाच्या ध्यानात येतं. बंद असलं तर बाहेर काहीच दिसत नाही, फक्त पोट फुगत जातं, अगदी गाभण असल्यासारखं. विष रक्तात उतरतं. किडनी थकते, म्हणून तहान. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन नावाचा एक आकडा येतो. किडनी रक्त साफ करते की नाही हे तो सांगतो. कोंडीचा फार वाढलेला होता. बाईंनी एकदाही ‘उशीर केलात’ असं म्हटलं नाही. फक्त म्हणाल्या, “आज ही ऑपरेशन. चान्स कम है, पर है.”

चान्स आहे! मला तेवढंच ऐकू आलं. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि जेवढे देव आठवले तेवढ्यांना कामाला लावलं. हे फाटकापाशी उभे होते, सारखे चप्पल काढायचे, घालायचे.

ऑपरेशन झालं. गर्भाशय काढलं. आणि कोंडीने डोळे उघडले! ग्लानीत होती, पण मी “कोंडे” म्हटलं तर कान हलला. एक कान, डावा. मी ह्यांचा हात इतक्या जोरात दाबला की ते ओरडले. रात्री उशिरा तिने बोटावरचं पाणी चाटलं. आम्ही गोंदियात ह्यांच्या मावसभावाकडे राहिलो, आणि मी फोन करून नणंदेला, शेजारणीला, मिलच्या हमालांना, सगळ्यांना कळवलं की वाचली, आपली कोंडी वाचली!

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. किडनीने पुन्हा काम धरलंच नाही. सलाईन चालू होतं, मी पुढचा पाय हातात धरला होता, आणि तो हातात असतानाच थंड पडत गेला. बाई म्हणाल्या, “सॉरी, दीदी.” त्यांचेही डोळे भरले होते.

मी गाडीत रडले, मोठ्याने रडले. मी आनंद गुपचूप करत नाही, तर दुःख कसं करणार? एका बाईने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, मांजर. ती जागा बदलून पलीकडे जाऊन बसली. गावातही तेच. “मांजरीसाठी एवढं? दुसरी आण.” तोंडावर बोलायचे लोक, आडपडदा नाही. मुठी परत द्यायला गेले तर मात्र चौघींपैकी एकीनेही घेतल्या नाहीत. जी रुसली होती ती तर माझ्याबरोबर रडली.

रडून झाल्यावर राग आला. कसला राग म्हणता! तळपायाची आग मस्तकात गेली. तीन तरी असतील म्हणे! रस्त्यात डॉक्टरसाहेबांची मोटारसायकल दिसली की मी बोळात वळायची. समोर आले असते तर काय बोलले असते, देव जाणे. रोज भाजी चिरताना मी त्यांच्याशी मनात भांडायची आणि रोज जिंकायची. जिंकून काहीच व्हायचं नाही. पायांवर रात्री ओझं नसायचं, ते नसायचंच.

मग आमची म्हैस अडली. रेडकू आडवं होतं, आणि तालुक्यात दुसरा हात नाही. हे न विचारता डॉक्टरसाहेबांना घेऊन आले. मी दारातच उभी राहिले, बाजूला होईना. ते बॅग खाली ठेवून म्हणाले, “वहिनी, आधी म्हशीले पाहतो. मंग तुम्ही म्हणान ते आयकतो.”

मी बाजूला झाले. तासभर खपले ते, खांद्यापर्यंत हात माखलेला. रेडकू निघालं, जिवंत, ओलंचिंब! आणि मी, रागावलेली मी, आनंदाने किंचाळले. स्वभावाला औषध नाही.

त्यांनी साबणाने हात धुतले आणि तिथंच अंगणात बसले. “मले समजलं तुमच्या मांजरीचं,” म्हणाले. “चुकलो मी. हा हात गाई-म्हशीत चालते जी. मांजर वेगळी. मले वाटलं तेच सांगून टाकलं. मले समजत नाही, असं सांगाले पायजे होतं. पण मले तसं कधी कोणी विचारतच नाही न, अन् म्या कधी सांगतलंच नाही.”

भाजी चिरताना मी त्यांच्या तोंडी जी जी उत्तरं घातली होती, त्यात हे नव्हतं. मी माफ केलं असं म्हणणार नाही. आत जाऊन चहा टाकला. चहा देताना म्हटलं, “आता तरी सांगत जा.” ते मान हलवून म्हणाले, “सांगीन.”

वर्षभराने एका सकाळी त्यांचा फोन आला. “वहिनी, केशोरीची एक बाई आली हाय. तिच्या मांजरीचं पोट फुगलं हाय. मले गाभणच वाटून राहिली.” आणि पुढे म्हणाले, “म्हणूनच तुम्हाले फोन केला.”

मी हातातलं काम टाकून दवाखान्याकडे धावले! बाई तरणी होती, सुशीला नाव, कडेवर काळी मांजर. “पाणी पिते का गं फार?” मी दारातूनच ओरडले. “बादलीतलं पिते जी,” ती म्हणाली. मी तिला पुढचं बोलूच दिलं नाही. पॅसेंजर, गोंदिया, त्याच डॉक्टरीणबाई. पायोमेट्राच. पण क्रिएटिनिन जवळजवळ ठीक! बाईंनी त्याच दिवशी ऑपरेशन केलं. मी सुशीलाला मावसभावाकडेच ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्या काळीने भाताबरोबर कालवलेली मासळी खाल्ली, वाटी चाटूनपुसून खाल्ली, आणि आणखी मागितली. मी दवाखान्यात नाचायचीच बाकी होते.

म्हणून सांगते, बायांनो आणि बाप्यांनो. मांजरीचं पोट फुगलंय आणि ती खात नाही, पण पाणी ढोसते आहे, तर ओटी भरू नका. एक्स-रे काढा. डॉक्टर कितीही मोठा असो, त्याला विचारा, “तुम्हाला हे नक्की कळतं का?” चांगला असेल तर तो रागावणार नाही. पिल्लं नको असतील तर नसबंदीचं ऑपरेशन आधीच करून टाका, म्हणजे हा आजारच होत नाही. आणि गेलीच, तर मोठ्याने रडा. कोण जागा बदलून बसतं ते बसू द्या.

परतीच्या गाडीत सुशीला माझ्यासमोर बसली होती, टोपली मांडीवर. तिला कोणी काही सांगितलं नसावं. तिने विचारलं, “ताई, तुम्हाले एवढं कसं माहीत जी? तुमच्याबी मांजरीले झालं होतं का?”

“झालं होतं.”

“वाचली न?”

“नाही,” मी म्हटलं. “आम्हाला कोणी वेळेवर सांगितलं नाही.”

तिने टोपलीवरचं फडकं सोडलं, काळीला टाक्यांना धक्का न लावता उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. कोंडी गेल्यापासून मी एकाही मांजरीला हात लावला नव्हता. काळी जरा वळवळली, मग पाय पोटाखाली घेऊन बसली, आणि घुरघुरायला लागली.

“घुरघुरते आहे! अगं, घुरघुरते आहे ही!” मी अख्ख्या डब्याला ऐकू जाईल एवढ्याने ओरडले.

पलीकडचा म्हातारा म्हणाला, “मांजर घुरघुरते नाही तं का भुकते, बाई?”

सगळे हसले, मीही हसले, आणि अर्जुनी येईपर्यंत मी तिला खाली ठेवलं नाही.