जेवणाच्या वेळेला येणाऱ्या उमाताई

उमाताई कुणाच्या घरी वेळ विचारून जात नाहीत. बरोबर जेवणाच्या वेळेला जातात आणि त्यात त्यांना काडीचंही वावगं वाटत नाही. तीर्थपुरीच्या आसपासच्या अकरा गावांत रक्तदाबाच्या गोळ्यांचा अभ्यास चालू आहे. गोळी कोण घेतं, कुणाला गुण येतो, कुणाला त्रास होतो, हे घरोघर फिरून टिपायचं काम त्यांचं. वय चोपन्न, खांद्याला रक्तदाबाचं यंत्र, जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा हक्काची. "सांगून गेलं की माणसं शहाण्यासारखी वागतात," त्या म्हणतात. "मला रोजची माणसं बघायचीत."

अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर शौनक, वयानं त्यांच्या मुलाएवढे. एकदा घनसावंगीत त्यांनी कडूबाईंचा कागद पुढे ओढला. मेंढरं राखणाऱ्या घरातली बाई, गोळ्यांची पाकिटं दर महिन्याला रिकामी आणि रक्तदाब एकशे ऐंशीच्या खाली यायला तयार नाही.

"गोळी कमी पडतेय, ताई. उद्यापासून दुप्पट द्या. असल्या आकड्यावर लकवा मारायला वेळ लागत नाही."

"देते की. पण आधी तिथं जेवून येते."

"अहो, पाकिटं रिकामी आहेत!"

"पाकिटं रिकामी आहेत, डॉक्टर. गोळ्या पोटात गेलेल्या कुणी बघितल्यात?"

डॉक्टरांनी एक दिवस दिला. जरा कुरकुरतच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मेंढरं सोडायच्या आधी, उमाताई कडूबाईंच्या दारात हजर. कडूबाईंचे मालक त्रिंबकदादा ताटावर बसले होते. कडूबाईंनी उमाताईंना वाढलं, मग भाकरी मोडून अर्धी नवऱ्याच्या ताटात टाकली, अर्धी स्वतः घेतली. मग पाकिटातून गोळी काढली, सुरीनं मधोमध कापली आणि अर्धी त्रिंबकदादांच्या ताटाच्या कडेला ठेवली. इतक्या सहज, की मीठच वाढलं जणू.

उमाताईंचा घास हातातच राहिला. "दादा, तुम्हाला कुणी सांगितली ही गोळी?"

"कुनी न्हाई. ही देती, मी घेतो."

"एकटीनं कशी खाऊ, ताई?" कडूबाई म्हणाल्या. "घरात दोघं. अन् मधी रेघच हाय की गोळीला, वाटून घ्यायला!"

उमाताईंनी जेवण बाजूला सारून त्रिंबकदादांना उभं केलं आणि दंडाला पट्टा बांधला. आकडा आला चौऱ्याण्णव, फारच खाली. "चक्कर येते का?"

"येती की. परवा कालव्यापाशी पडल्तो. मेंढरं भवती थांबून राह्यली, मंग उठलो. वय झालं आता."

आज गोळी दुप्पट झाली असती, तर या माणसाच्या वाट्याला अख्खी आली असती आणि तो थेट कालव्याच्या पाण्यातच गेला असता.

"कडूबाई, ही भाकरी नाही," त्या स्पष्टच बोलल्या. "तुम्हाला अर्धी पुरत नाही आणि यांना अर्धीसुद्धा सोसत नाही. चक्कर वयाची नाही, गोळीची आहे."

कडूबाईंचा हात थांबला. "म्या पाडलं यान्ला?"

"तू वाढलं, म्या खाल्लं. हिसाब बराबर," त्रिंबकदादा हसले. कडूबाई मात्र डोळ्यांना पदर लावून बसल्या.

उमाताईंनी तिथूनच फोन लावला. "दुप्पट बिलकुल नाही, डॉक्टर. हीच गोळी, पण अख्खी, आणि एकटीला." सगळं ऐकून डॉक्टरांनी कागदावरचं 'दुप्पट' खोडलं. आठवडाभरात अभ्यासाच्या कागदावर नवा प्रश्न छापून आला: ही गोळी घरात आणखी कोण घेतं? अकरा गावांत गोळी वाटून घेणारी एकोणीस घरं निघाली. उमाताईंना नवल वाटलं नाही.

महिन्यानं त्या परत गेल्या, अर्थात जेवणाच्याच वेळेला. कडूबाईंचा आकडा एकशे अडतीस. त्रिंबकदादांची चक्कर गेलेली. जेवण झालं तशा कडूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि अख्खी गोळी तळहातावर घेऊन तिच्याकडे बघत राहिल्या.

"चाळीस वर्सांत पैल्यांदा कायतरी एकटीनं खाऊन राह्यले, ताई. घशाखाली उतरत न्हाई."

त्रिंबकदादा उठले, पाण्याचा तांब्या घेऊन कडूबाईंच्या शेजारी बसले आणि गोळी गिळून होईपर्यंत तिथून हलले नाहीत.