बुलबुलांचा झोपाळा

सुट्टीच्या दिवशी मोठ्या थाटात चहाचा कप घेऊन मी गॅलरीतल्या झोपाळ्याकडे निघालो. पाहतो तर काय, पितळी कडीपाशी बुलबुलांच्या जोडप्याने घरटं बांधलेलं! आत इवलीशी अंडी.

"हलवू नका हं," माझी बायको सुमन आतून ओरडली.

"अगं, हलत्या झोपाळ्यावर घरटं? वेडीच दिसतायत ही दोघं!"

"हलता? शेवटचा कधी हलला होता?"

मी हसायला गेलो, पण जमेना. याच झोपाळ्यासाठी मी कमाईचा आकडा ठरवला होता. भाड्याच्या दोन खोल्यांत, हातातला आमटीचा डाव तलवारीसारखा उंचावत मी गर्जना केली होती, "महिना लाख झाले की गॅलरीचं घर, झोपाळा आणि रोज संध्याकाळी आपण दोघं!" सुमनने टाळ्याही वाजवल्या होत्या. लाख झाले, झोपाळा आला आणि मी दोन लाख ठरवले. संध्याकाळ मात्र रोज ऑफिसातच राहिली.

"तू तरी बसायचंस," मी पुटपुटलो.

"एकटीने काय झोके घ्यायचे?"

पाखरं म्हणे जागा पारखून घेतात. आमची त्यांनी बरोबर पारखली होती.

सुमन चहाची किटली घेऊन बाहेर आली आणि झोपाळ्याजवळ चटई टाकून बसली. मीही मान खाली घालून शेजारी टेकलो. तेवढ्यात मादी परतली. सुमनच्या डोक्यावरून बिनधास्त आत आली, मला पाहिलं आणि भुर्रकन समोरच्या तारेवर जाऊन कलकलाट करू लागली.

"घाबरली का गं?"

"काही नाही," सुमन चहा ओतत म्हणाली, "नवा माणूस दिसला की असंच करते."